नजर कुठं ठेवायची

बापानं लेकीसमोर विद्यार्थी होऊन बसावं, यात खरं तर लाजण्यासारखं काही नाही. पण श्रीमंत मेटकरी लाजत होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, मांडीवर बायोडाट्याची फाईल घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत अंग चोरून बसलेला, आणि समोर पलंगावर मांडी घालून त्याची एकुलती एक पोरगी राजनंदिनी. सात रस्त्याजवळच्या एका क्लासमध्ये ती पोरांना मुलाखत कशी द्यायची ते शिकवायची. आत कसं यायचं, हात कुठं ठेवायचे, ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर आजोबांपासून सुरुवात का करायची नाही, सगळं. तिच्या हाताखालून गेलेली पोरं पुण्याला लागली होती. आता घरातलंच गिऱ्हाईक आलं होतं आणि ते मोठं हट्टी निघालं.

“आप्पा, डोळ्यांत बघा की माझ्या. खाली कुठं बघताय?”

“बघतुय की.”

“नाही बघत. खालीच बघताय. मुलाखतीत नजर चुकवली की माणूस खोटारडा वाटतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सगळं मी सांभाळून घेते.”

श्रीमंतनं मान डोलावली. तिच्या डोळ्यांत बघितलं. तिचे ओठ हलल्याचं त्याला अंदाजानं कळलं, पण काय बोलली ते कळलं नाही. मग त्यानं नजर पुन्हा चार बोटं खाली आणली. ती विचारत होती, “आधीचं काम का सोडलं?” त्यानं पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणून टाकलं.

खरी गोष्ट अशी होती की श्रीमंतला ऐकू येत नव्हतं. दार आपटल्याचा हादरा, भांडं पडल्याचा दणका, असलं काही आदळलं तर कळायचं. माणसाचं बोलणं मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखं, नुसता घुमारा. आणि ही गोष्ट बायकोला माहीत नव्हती, लेकीला माहीत नव्हती. विश्वास बसणार नाही, पण घरं अशीच असतात. हाक मारून उत्तर आलं नाही की मायाक्का म्हणायची, “ह्यांचं ध्यानच नसतं.” राजनंदिनी म्हणायची, “आप्पा आपल्याच तंद्रीत.” आणि श्रीमंत हसून घ्यायचा. बेध्यानी म्हणवून घेण्यात कमीपणा नसतो.

सांगोल्याकडच्या माळावरून तो एकोणिसाव्या वर्षी सोलापुरात आला. घरची मेंढरं धाकट्या भावाकडं राहिली. पोराचं नाव श्रीमंत ठेवून आईबापांनी आपल्या परीनं प्रयत्न केला होता, पुढचं त्यांच्या हातात नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात तो यंत्रमागावर लागला आणि अठ्ठावीस वर्षं तिथंच राहिला. पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस माग एकदम चालू झाले की तिथं देवानं हाक मारली असती तरी कुणाला ऐकू गेली नसती. मग मागावरची माणसं बोलायची कशी? आवाज न काढता. ओठ नीट, सावकाश हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. चार माग पलीकडं उभ्या असलेल्या गुरुबसप्पाशी श्रीमंत अख्खी पाळी गप्पा मारायचा. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचं मोडलं, मालक आज कुणावर उखडलाय, काही राहायचं नाही. गुरुबसप्पा रंगात आला की कानडीत शिरायचा. ऐकून श्रीमंतला कानडी कधीच आली नाही, ओठांवरून मात्र सगळी कळायची.

तिथं सगळेच तसे होते, म्हणून कुणीच बहिरं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी मालकानं माग भंगारात काढले, शेडला कुलूप लावलं, आणि श्रीमंत बाहेरच्या जगात आला. इथं माणसं पाठमोरी बोलतात, चालता चालता बोलतात, तोंडात मावा धरून बोलतात. तीन ठिकाणी तो काम मागायला गेला आणि तिन्ही ठिकाणी भलतीच उत्तरं देऊन परत आला. घर चालत होतं मायाक्का करून विकायची त्या कडक भाकरीवर आणि पोरीच्या पगारावर. लेकीच्या पगारातून रोज सकाळी चहा पिणं त्याला जड जात होतं. मायाक्का कधी बोलली नाही. तिनं बोललेलं परवडलं असतं, असं त्याला वाटायचं.

मग सांगून का टाकत नव्हता? कारण गावात त्याचा धुळा नावाचा चुलता होता. ठार बहिरा. लग्नाच्या पंगतीत पोरं त्याच्यासमोर बसून नुसतीच तोंडं हलवायची आणि तो बिचारा मान डोलवायचा. मग सगळी पंगत हसायची. श्रीमंतही हसला होता, लहान असताना. ते हसणं त्याच्या मनातून गेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्यानं ती मूठ घट्ट आवळून धरली होती.

चिंचोळी एमआयडीसीत एका केमिकलच्या कंपनीत स्टोअरला माणूस हवा होता. माल उतरवून घ्यायचा, नोंदवायचा, द्यायचा. फंड, कॅन्टीन, न्यायला-आणायला बस. तिथं ऑफिसात आरोही नावाची मुलगी होती, वर्षभरापूर्वी राजनंदिनीच्याच क्लासमध्ये शिकवायची. राजनंदिनीनं तिच्यापाशी शब्द टाकला. “माझे वडील आहेत. अठ्ठावीस वर्षं एका जागी काम केलेला माणूस, एक दिवस विनाकारण खाडा नाही.” वयाचं निमित्त करून अर्ज बाजूला पडणार होता, आरोहीनं तो परत वर काढून ठेवला.

आता यात बापाच्या नोकरीइतकीच पोरीच्या शब्दाचीही किंमत होती, हे श्रीमंतला कळत होतं. म्हणून तर तो रोज संध्याकाळी निमूट खुर्चीत बसत होता.

डोळ्यांत बघायची अडचण त्याला नुसती कानांमुळं नव्हती. परक्याच्या लेकीच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, हे तो माळावर चालायला लागला तेव्हापासून शिकला होता. आणि ही म्हणते, बघा. त्यानं मनाशी हिशेब केला. डोळे आणि ओठ यांत अंतर ते किती? कुणाला कळतंय? ओठांकडं बघितलं तर परक्या मुलीच्या डोळ्याला डोळा भिडत नाही, बोलणं कळतं आणि मान वर राहिल्यानं लेकीचंही समाधान होतं. एका दगडात तीन पक्षी. या हिशेबात काय चुकलं, हे त्याला कुणी सांगणारं नव्हतं, कारण त्यानं कुणाला विचारलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी अकराची वेळ होती. तो सव्वादहालाच गेटवर हजर. गेटवर मोठा फलक होता: भोंगा वाजताच हातातलं काम टाकून डावीकडच्या मैदानात जमा व्हा. त्यानं तो दोनदा वाचला. पहारेकऱ्यानं पाठ फिरवून काहीतरी विचारलं. श्रीमंतनं अंदाजानं नाव सांगितलं आणि ते बरोबर निघालं. शकुन चांगला झाला म्हणून त्याला बरं वाटलं.

आत दोघंजण होते. टेबलामागं उदयसिंह साहेब, स्टोअरचे मॅनेजर, आणि त्यांच्या शेजारी आरोही मॅडम. राजनंदिनीपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी असेल.

साहेब बोलायला लागले आणि श्रीमंतनं नजर त्यांच्या ओठांवर नेली. साहेबांच्या मिशा. अशा भरघोस, झुबकेदार की वरचा ओठ तर नाहीच, खालचाही निम्मा झाकलेला. मिशा हलत होत्या, शब्द काही दिसत नव्हता. राजनंदिनीनं लहान पोराला शिकवाव्यात तशा शंभर गोष्टी त्याला शिकवल्या होत्या, पण समोरच्याला मिशा असल्या तर काय करायचं हे काही तिनं सांगितलं नव्हतं.

तो नुसता बघत राहिला. तेव्हा आरोही मॅडमनं हसून तोच प्रश्न पुन्हा विचारला. “काका, सर विचारतायत, स्टॉक रजिस्टर कधी लिहिलंय का?”

लख्ख कळलं! स्वच्छ, सावकाश बोलणारी मुलगी. श्रीमंतला हायसं वाटलं. “व्हय मॅडम. सुताच्या पेट्यांचं रजिस्टर म्याच लिवायचो, सा वर्सं.”

तिथून पुढं त्यानं साहेबांचा नादच सोडला. साहेब बोलले तरी तो बघायचा मॅडमकडं, आता ही पुन्हा सांगेल म्हणून. ती सांगायचीही. त्यानं तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. एक अक्षर निसटू द्यायचं नाही, लेकीनं शब्द टाकलाय.

पाचसहा मिनिटांत मॅडमचं हसणं गेलं. तिनं ओढणी सारखी केली. श्रीमंतच्या ते ध्यानात आलं नाही, कारण ओढणीत शब्द नसतात. मग तिनं कोपर टेबलावर टेकून हात तोंडापाशी नेला. अर्धे शब्द गेले. श्रीमंत घाबरला. तो पुढं वाकला. तिनं हात काढला आणि त्याचाच बायोडाटा उचलून वाचत असल्यासारखा तोंडासमोर धरला. कागदामागून ती बोलत होती आणि श्रीमंतला काहीच समजत नव्हतं. त्यानं खुर्ची पुढं ओढली, मान तिरकी केली, कागदाच्या कडेनं ओठ दिसतात का बघू लागला.

साहेबांच्या मिशा एकदा जोरात हलल्या. मॅडम उठून खिडकीपाशी गेली. साहेबांनी फाईल मिटून त्याच्याकडं सरकवली, तेव्हा त्याला समजलं की संपलं.

बसमध्ये तो सगळं आठवत बसला. शेवटी शेवटी थोडं बिघडलं खरं, पण सुताच्या रजिस्टरचं उत्तर झकास झालं होतं. एवढ्यावर तो मोहोळकडून येणाऱ्या त्या गर्दीच्या बसमध्ये उभ्यानं खूश होता. घरी आल्यावर मायाक्कानं हातानंच विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “हुतंय बघ काम. मॅडम लई चांगल्या हायत.”

हे वाक्य मायाक्काला पुढं संध्याकाळी आठवलं, आणि तिच्या अंगावर काटा आला.

राजनंदिनी साडेसहाला आली. रोज ती दारातूनच आप्पांना काहीतरी विचारायची. आज सरळ आत गेली. स्वयंपाकाच्या खोलीत मायाक्का भाकरी कडक करायला तव्याच्या कडेनं उभ्या करत होती. राजनंदिनी तिच्यासमोर, दाराकडं पाठ करून उभी राहिली आणि बोलायला लागली.

बाहेरच्या खुर्चीतून श्रीमंतला पोरीची पाठ दिसत होती आणि बायकोचं तोंड. म्हणून त्याला निम्मंच बोलणं कळत होतं, मायाक्काचं.

“कोन म्हनलं? ती आरोही?”

पोरीची पाठ हलली.

“काय बोलतीस तू? सोताच्या बापाबद्दल?”

पुन्हा पाठ हलली, बराच वेळ.

“खुर्ची वडून?” मायाक्काच्या हातातली भाकरी तव्यावर आडवी पडली. तिनं दारातून नवऱ्याकडं बघितलं. अठ्ठावीस वर्षं एका ताटात जेवलेली बाई, पण अशी ती त्यानं कधी बघितली नव्हती. रस्त्यावरच्या माणसाकडं बघावं तशी बघत होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. त्या पदराचा श्रीमंतला फार राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

तो उठून दाराशी गेला. “काय झालंय?”

राजनंदिनी भिंतीकडं तोंड करून काहीतरी बोलली.

“माज्याकडं तोंड करून बोल.”

ती गर्रकन वळली. डोळे लाल झाले होते. “तुमच्याकडं तोंड करायची लाज वाटतीय मला!”

हे मात्र त्याला अक्षर न् अक्षर कळलं.

मग तिनं सगळं सांगितलं, रडत सांगितलं. आरोहीचा फोन आला होता. आरोही ओरडली नाही, भांडली नाही, उलट तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं. तुझे वडील आहेत म्हणून सरांना मी काही बोलले नाही, म्हणाली. पण ते पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडं बघत होते, राजू. सर बोलत होते तरी माझ्याकडंच. मी कागद आडवा धरला तर खुर्ची पुढं ओढली. “आप्पा, मी तुम्हाला डोळ्यांत बघा म्हटलं होतं. रोज सांगत होते. तुम्ही... मी तिला काय उत्तर देऊ?”

श्रीमंत दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. धुळा चुलत्यावर पंगत हसली होती, पण कुणी त्याच्यापुढं पदर ओढून घेतला नव्हता. आपण इतकी वर्षं ज्याला भीत आलो ते केवढंसं होतं आणि हे केवढं, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो काही समजावत बसला नाही. त्यानं दोघींकडं पाठ केली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं तोंड करून उभा राहिला.

“आता बोल कायबी. मोट्यानं बोल. आन् मी काय उत्तर देतो बघ.”

भिंतीतून नुसता घुमारा आला, मग तोही थांबला. तो वाट बघत राहिला. कुणीतरी त्याच्या खांद्याला धरून त्याला वळवलं. मायाक्का होती. तिचा पदर खांद्यावर पडला होता आणि तोंड रडण्यानं इतकं वाकडं झालं होतं की ती काय म्हणतेय ते त्याला वाचता येईना. राजनंदिनी जमिनीवर बसली होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून. पाठमोऱ्या बापाला ती काय बोलली होती, ते तिनं पुढंही कधी सांगितलं नाही.

“कधीपासून?” हात खाली घेऊन राजनंदिनीनं विचारलं.

“चौदा-पंदरा वर्सं झाली आसतील. तू शाळंत हुतीस.”

“आणि आम्हाला एकदाही...”

“सांगून काय कान परत येणार हुते?”

मायाक्काला आता राग आला, आणि तो बरा होता. “मी म्हनायची, ह्यो मानूस माजं ऐकतच न्हाय! पंदरा वर्सं बोंबलली मी!” असं म्हणून ती पुन्हा रडायला लागली.

राजनंदिनीनं डोळे पुसले. शिकवणारी पोरगी ती, डोकं लगेच कामाला लागलं. बापासमोर बसून, ओठ नीट हलवत ती म्हणाली, “थांबा. अजून काही गेलं नाही. आरोहीनं सरांना सांगितलेलं नाही. मी तिला म्हणते, वडिलांच्या डोळ्यांत दोष आहे, नजर एकीकडं असते आणि बघणं दुसरीकडं असतं. तिला पटेल. ती भली आहे. काम होईल, आप्पा. तिला तुमचे कागद आवडले होते.”

अशी सोपी वाट होती. एक लहानशी थाप, तीही पोरीनं मारायची, आणि सोमवारपासून बस, कॅन्टीन, फंड. सकाळचा चहा घशाखाली नीट उतरला असता. मायाक्काच्या भाजलेल्या बोटांना उसंत मिळाली असती. मोह झाला, नाही कशाला म्हणा? चांगला घटकाभर झाला. पण मग त्याला गेटवरचा फलक आठवला. भोंगा वाजला आणि सगळे मैदानात पळाले, तर हा आपला मागच्या कोपऱ्यात पिंपं मोजत उभा. त्याला शोधायला कुणीतरी दुसरा आत येणार, आणि त्याचंही घर असणार. शिवाय ती मुलगी. ती रोज त्याच ऑफिसात बसणार आणि तो रोज तिथं कागद घेऊन जाणार. दोष डोळ्याचा आहे म्हटलं तरी नजर तोंडावरच जाणार.

“फोन लाव तिला,” तो म्हणाला. “मीच बोलतो.”

“तुम्हाला कसं ऐकू येणार?”

“मला बोलता तर येतंय की.”

राजनंदिनीनं फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन स्टुलावर ठेवला. स्वतः त्याच्या समोर, ट्यूबलाइटच्या उजेडात तोंड येईल अशी बसली. तिनं बोट वर केलं. म्हणजे आरोहीनं उचलला.

श्रीमंत फोनकडं वाकला. पलीकडं कुणी ऐकतंय की नाही हे न कळता तो बोलायला लागला. “मॅडम, मी श्रीमंत मेटकरी. सकाळी तुमच्या हितं आलो हुतो. तुमाला तरास झाला, त्याची माफी मागतो. मला ऐकू येत न्हाय. मागावर हुतो, कान गेले. समोरच्याचं तोंड बघून मला बोलनं कळतं. सायबांच्या मिशीतनं काय दिसंना, म्हनून तुमच्याकडं बघत बसलो. तुमी कागद धरला तवा कायच कळंना, म्हनून खुर्ची वडली. माज्या पोरीला ह्यातलं कायबी ठाव नव्हतं. मीच झाकून ठिवलं. तुमी तिला कमी समजू नका. एवढंच.”

तो ताठ बसला आणि पोरीकडं बघायला लागला. ती ऐकत होती. मग आवाज न काढता तिचे ओठ हलले, एकेक शब्द सुटा करून. “काका... मला... कळलं... नाही... हो. मीच... चुकीचं... समजले. माफ करा.”

श्रीमंतनं फोनला हात जोडले. मायाक्कानं नाक ओढलं.

फोन चालूच होता. राजनंदिनी ऐकत होती, पण ओठ हलवून आता त्याला काही सांगत नव्हती. ती मधेच मान हलवायची, “हो” म्हणायची, “बरोबर आहे” म्हणायची. मग तिनं फोन बंद केला आणि तो हातातच धरून बसली.

“आनि नोकरीचं?” श्रीमंतनं विचारलं.

तिला मान फिरवता आली असती. स्वयंपाकघराकडं तोंड करून, भाकरी करपतीय म्हणून उठता आलं असतं, आणि त्याला काही कळलं नसतं. ती त्याच्या आणखी जवळ सरकली. तोंडावर आलेले केस तिनं मागं सारले. एकही अक्षर निसटू नये इतक्या सावकाश ती म्हणाली, “नाही म्हणाली, आप्पा.”

त्याला एकदाच सांगावं लागलं.